न रडलेली बाळं

सोमवार, ११ ऑगस्ट

ताई,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न फोडता बाजूला ठेवशील, म्हणून पत्ता आईकडून लिहून घेतलाय. कशासाठी, ते तिनं विचारलं नाही. चष्मा लावून सावकाश पत्ता लिहिला आणि म्हणाली, "नीट चिकटव. अर्धवट चिकटवायची सवय आहे तुला."

नऊ वर्षांनी लिहितेय, तेही कामापुरतंच. तुझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची वही असेल. एकेचाळीस बाळांची. वजन, वय तासांत, इंजेक्शनची वेळ, रक्तात उरलेलं औषध. मूळ वही नको, पानांचे फोटो पाठवलेस तरी भागेल.

कारण सांगते. मी आता विद्यापीठात एक वेगळाच कोर्स चालवते, वैद्यकातल्या गणिती मॉडेल्सचा. पंधरा विद्यार्थी, तिघांची एक अशा पाच तुकड्या, चौदा आठवडे. प्रत्येक तुकडीत गणितवाले असतात आणि निदान एक जण डॉक्टर होऊ घातलेला. रुग्णालयाचे डॉक्टर खराखुरा प्रश्न घेऊन येतात आणि मुलं त्यावर मॉडेल बांधतात. पहिल्या दिवशी तिघं आपसांत करार लिहून सह्या करतात: कोण काय करणार, कुणी दांडी मारली तर काय. मार्क तिघांना सारखेच. शेवटी मात्र प्रत्येक जण बंद चिठ्ठीत लिहून देतो, की बाकीच्या दोघांनी किती ओढलं. भांडणं होतात. होऊ देते. फळ्याच्या वर माझा पहिला नियम कायमचा लिहिलेला आहे: 'कारण लिहिल्याशिवाय एकही मोजमाप गाळायचं नाही.'

यंदा तिसऱ्या तुकडीला नवजात विभागाचा प्रश्न आलाय. भिंतीवरचा अँटिबायोटिकचा तक्ता अजून वापरण्याजोगा आहे का? म्हणजे आपला तक्ता. हा प्रश्न मी निवडला नाही. तिथल्या नव्या डॉक्टरांनी पाठवला आणि विभागप्रमुखांनी वाटून दिला. तक्त्यावर नाव नाही, म्हणून तो कुणाचा हे मुलांना माहीत नाही. सांगायची वेळ आली तर सांगेन. तशी वेळ येईल असं दिसत नाही.

आईचे गुडघे सोडले तर बरी आहे.

— धाकटी


शुक्रवार, २९ ऑगस्ट

ताई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. वहीवाचून अडणार नाही, कारण युनिटच्या त्याच नव्या डॉक्टरांनी नव्या बाळांची मोजमापं दिली आहेत. सव्वीस बाळं. लॅबमध्ये नवीन यंत्र आलंय, ते तपासून बघायचं म्हणून त्यांनी रक्त घेतलं होतं. तरीही वही पाठवलीस तर बरं.

तुकडी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक मुलगी आहे, गणिताची. लिहिते आणि खोडते, लिहिते आणि खोडते. सगळे तिला खोडरबर म्हणतात. ती चिडत नाही, उलट वहीवरही तेच नाव घातलंय. दुसरा वैद्यकीयचा मुलगा. वर्गात कुणाला शिंक आली तरी याच्या दप्तरातून गोळी निघते, म्हणून कंपाउंडर. तिसरा प्रोग्रॅम लिहिण्यात तरबेज, पण तुकडीच्या बैठकीला कधीतरीच उगवतो. त्याला पाहुणा म्हणतात. परवा खोडरबरनं त्याला सगळ्यांदेखत विचारलं, "आज मुक्काम आहे, की चहा घेऊन निघणार?" तो कानापर्यंत लाल झाला. मी मध्ये पडले नाही.

काल त्यांना घेऊन नवजात विभागात गेले. चपला काढून, कोपरापर्यंत हात धुऊन. तुझ्या वेळच्या काचेच्या पेट्या जाऊन नव्या आल्यात, पण भिंतीचा रंग तोच. आणि तक्ता तिथेच, औषधाच्या कपाटाशेजारी, प्लास्टिकमध्ये पिवळा पडलेला. वजन शोधा, बोट आडवं न्या, डोस आणि किती तासांनी ते वाचा. सतरा वर्षं बोटं फिरून मधल्या ओळी पुसट झाल्यात.

इन्चार्ज सिस्टर त्याच आहेत. मला बघताच म्हणाल्या, "अगंबाई! डॉक्टरताईंची बहीण ना तुम्ही? कशा आहेत त्या?" मी म्हटलं, मजेत आहे. त्यांनी तक्त्यावरून हात फिरवला आणि मुलांना म्हणाल्या, "हा तक्ता आला आणि बाळांच्या सुया वाचल्या बघा. पूर्वी दर दोन दिवसांनी रक्त काढायचो. तक्त्यात बसतंय म्हटल्यावर कशाला टोचायचं?"

कंपाउंडरनं विचारलं, "म्हणजे हे नवं यंत्र येईपर्यंत सतरा वर्षं औषधाची पातळी कुणी बघितलीच नाही?"

"गरजच नाही पडली," त्या म्हणाल्या. खरंच अभिमानानं म्हणाल्या गं.

मी घड्याळ बघितलं आणि मुलांना म्हटलं, चला, उशीर होतोय. उशीर कसलाही होत नव्हता.


बुधवार, १७ सप्टेंबर

ताई,

हे पत्र लिहावं की नाही यात दोन दिवस गेले.

मुलांचं मॉडेल उभं राहिलंय. साधंच आहे, आपलं होतं तसं: इंजेक्शन दिलं की औषध चढतं, मग मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात आणि दर काही तासांनी ते निम्मं होत जातं. बाळ जितकं मोठं तितकं लवकर निम्मं. सव्वीसपैकी बावीस बाळं आलेखाच्या त्या वळणावर मोत्यासारखी बसली. चार नाहीत. त्या चौघांच्या अंगात दुसऱ्या दिवशीही औषध तसंच साचून होतं.

सोमवारच्या बैठकीत खोडरबरनं आलेख माझ्यापुढे सरकवला. वर, एकीकडे, चार ठिपके. ताई, मला ते ठिपके ओळखीचे वाटले. घरच्या माणसाची चाल लांबून ओळखावी तसे.

मी म्हणाले, "चार बाळांवरून वळण बदलत नसतं. नमुना घेण्यात घोळ झाला असेल. वेळ चुकीची लिहिली असेल."

"तसं वाटून मी चारही केसपेपर काढले," कंपाउंडर म्हणाला. "वेळा बरोबर आहेत. पण मॅडम, चौघांत एक गोष्ट सारखी आहे. चारही बाळं जन्मल्यावर रडली नव्हती. श्वास उशिरा आला. प्राणवायू कमी पडला की मूत्रपिंडं मंदावतात, हे आम्हाला दुसऱ्या वर्षाला असतं."

"शक्यता आहे," मी म्हटलं. "पण चार म्हणजे फार थोडी."

खोडरबर माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "गाळायची असतील तर कारण काय लिहायचं, मॅडम?" आणि तिनं फळ्याच्या वर बघितलं.

मी बैठक आवरती घेतली. घरी येऊन आईला सांगितलं डोकं दुखतंय, आणि उशी तोंडावर घेऊन पडले.

तुला हे का लिहितेय ते तुला कळलंच असेल. तरीही लिहिते, कारण आजवर मी ते कुठेही लिहिलेलं नाही. आपल्या एकेचाळीस बाळांतली तीन अशीच वर बसली होती. तू म्हणालीस, "ही तिघंही रडली नव्हती. मला आठवतंय, मीच होते तिथे." मी म्हणाले, "तीन ठिपक्यांचं वळण होत नाही, ताई." प्रबंध द्यायला अकरा दिवस उरले होते. ती तीन धरली की सगळं गणित पुन्हा मांडावं लागणार होतं. मी त्यांना 'मोजमापातली चूक' म्हटलं आणि अडतीस बाळांचा तक्ता केला. तू सही केलीस ती माझ्यावर विश्वास टाकून. गणितातलं हिला जास्त कळतं, म्हणून.

आणि मग नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार. तू माझ्या खोलीत पाच फायली घेऊन आलीस. पाच मुलं, सगळी न रडलेली, सगळ्यांना तक्त्याप्रमाणे औषध दिलेलं, आणि पाचांनाही ऐकू येत नाही. हे औषध अंगात साचलं की कान जातात, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "जन्मताना प्राणवायू कमी पडला तर नुसत्या त्यानंही बहिरेपण येतं. पाच म्हणजे योगायोगही असू शकतो. तुला म्हणायचंच असेल, तर रक्तातल्या पातळीची मोजमापं आण."

वाक्य एकही चुकीचं नव्हतं. आणि मोजमापं कुणाकडेच नव्हती, कारण माझ्या तक्त्यामुळेच ती घेणं बंद झालं होतं. हे मला तेव्हा, ते वाक्य तोंडातून निघतानाच, माहीत होतं.

तू फायली गोळा केल्यास. दार आपटलं नाहीस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं.


सोमवार, ६ ऑक्टोबर

ताई,

मधल्या रिपोर्टांचा आठवडा. दमले आहे, थोडक्यात लिहिते.

गुरुवारी विभागप्रमुखांनी बोलावलं. ग्रंथालयातून माझा प्रबंध काढून टेबलावर ठेवलेला. "तक्ता तुमचाच आहे की हो! बोलला नाहीत ते." मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. तक्ता आता अकरा रुग्णालयांत आहे. डिसेंबरात आपला कोर्स कायम करायचा की नाही, हे ठरणार आहे. रुग्णालयाला दुखावून चालणार नाही. "मुलांचं काम आहे, मुलांसारखंच राहू द्या ना. बावीस बाळं छान बसलीत म्हणता, बावीसच घ्या."

माणूस वाईट नाही. त्यानं जे सुचवलं, ते मी सतरा वर्षांपूर्वी कुणी न सुचवताच केलं होतं.

मी तुकडीला सांगितलं, रिपोर्ट बावीसांवर करा. कंपाउंडर काही बोलायला गेला, खोडरबरनं त्याला खुणेनं थांबवलं. मला म्हणाली, "कारण?"

"मी सांगते म्हणून," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. शेजारच्या तुकडीतली मुलं वळून बघायला लागली.

शुक्रवारी रिपोर्ट आला. पान चार, तळाशी, तिच्या टपोऱ्या अक्षरात: 'चार बाळं गाळली आहेत. कारण: मॅडमनी सांगितलं.'

रिपोर्ट युनिटकडे गेला आहे. आता सगळं मार्गी लागलं आहे.


गुरुवार, १६ ऑक्टोबर

ताई,

मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. रिपोर्ट पाठवण्याआधी मी तिचं ते वाक्य काढून टाकलं आणि तिथे लिहिलं: 'मोजमापात शंका असल्यानं चार बाळं वगळली. उरलेल्यांवरून तक्ता योग्य दिसतो.' मुलांना न विचारता. खाली नावं त्यांची.

वही मंगळवारी मिळाली. आत चिठ्ठी नव्हती. नुसती वही, धुतलेल्या जुन्या ओढणीत गुंडाळलेली. मी थेट शेवटची पानं उघडली. नऊ, तेवीस आणि चौतीस नंबरच्या बाळांभोवती पेन्सिलीनं गोल केलेले, आणि कडेला तुझ्या अक्षरात: 'धाकटी म्हणते गाळूया. सही केली. मन घेत नाही.' मला वाटत होतं, तुला फक्त माझा राग आहे. तू स्वतःलाही त्यात धरलं आहेस, हे सतरा वर्षांत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता काल काय झालं ते सांगते.

साडेतीनला वर्ग सुटला आणि कंपाउंडरचा फोन आला. त्याची ड्यूटी सध्या नवजात विभागात आहे. दबक्या आवाजात बोलत होता. "मॅडम, सात नंबरची पेटी. मुलगी आहे. रडली नव्हती. आज तिसरा दिवस, लघवी कमी होतेय. चार वाजता पुढचा डोस आहे."

"युनिटच्या डॉक्टरांना सांग."

"सांगितलं. ते म्हणाले, तक्त्यात बसतंय. मी म्हटलं, आमच्या मॉडेलमध्ये अशी बाळं बसत नाहीत. तर त्यांनी आमचाच रिपोर्ट उघडून दाखवला." तो थांबला. "मॅडम, ते वाक्य आम्ही लिहिलेलं नाही."

मागे कसलं तरी यंत्र टुकटुक करत होतं.

"निघाले मी," म्हटलं.

विद्यापीठाच्या फाटकापासून रुग्णालय चालत वीस मिनिटं. मी रिक्षा शोधली नाही, काही शोधलं नाही, वही छातीशी धरून चालत सुटले. बावन्न वर्षांची बाई भर रस्त्यानं पळतेय म्हणून लोक बघत होते. लिफ्टपाशी गर्दी होती. तीन जिने चढले. हात धुताना साबण दोनदा निसटला. घड्याळात चारला सात मिनिटं कमी होती आणि इन्चार्ज सिस्टर सिरिंज भरत होत्या.

"सिस्टर, थांबा. देऊ नका."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. युनिटचे डॉक्टर दुसऱ्या पेटीपाशी होते, ते आले. तरुण आहेत, शांत आहेत. म्हणाले, "मॅडम, काय झालं? असं मध्येच औषध थांबवता येत नाही. जंतुसंसर्गाची शंका आहे बाळाला."

"आधी पातळी बघा. एवढंच म्हणतेय. यंत्र आहे तुमच्याकडे."

"पण तुमच्याच रिपोर्टमध्ये..."

"रिपोर्ट मी बदलला." माझं मलाच ऐकू आलं. "मुलांनी बरोबर लिहिलं होतं. आणि हा तक्ता मी केलाय, डॉक्टर. मी आणि माझ्या बहिणीनं. न रडलेल्या बाळांसाठी तो चुकीचा आहे. तिला तेव्हाच कळलं होतं. मी ऐकलं नाही."

सिस्टरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. भिंतीवरच्या तक्त्याकडे त्यांनी एकदाच बघितलं आणि नजर खाली घातली. ताई, मला त्या क्षणी सगळ्यात जास्त लाज त्यांची वाटली.

डॉक्टरांनी रक्त घेतलं. टाचेतून, दोन थेंब दोन थेंब करत. मुलगी रडली नाही, नुसता पाय आखडला. मी आणि कंपाउंडर बाहेरच्या बाकावर बसलो. त्यानं दप्तरातून पाण्याची बाटली काढून दिली.

पाच वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. पुढच्या डोसच्या आधी पातळी दोनच्या आत हवी. सात नंबरची पाच पूर्णांक तीन होती.

डोस दिला नाही. औषध बदललं.


बुधवार, २९ ऑक्टोबर

ताई,

काल रुग्णालयाच्या समितीपुढे उभी राहिले. लांब टेबल, अकरा माणसं, विभागप्रमुख अगदी टोकाला. मी वही उघडून तीन ओळी वाचून दाखवल्या: नऊ, तेवीस, चौतीस. वजन, तास, पातळी. मग तुझ्या पाच फायलींचं सांगितलं. तुझं समासातलं वाक्य वाचलं नाही. ते तुझं आहे.

युनिटच्या डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं, मॅडम?"

"सतरा वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. नऊ वर्षांपूर्वी कळलं. आणि या महिन्यात मी ते तुमच्यापासून लपवलं."

विभागप्रमुखांनी पेनचं टोपण काढलं, घातलं, काढलं. मला वाटलं, आता ते म्हणतील की मला कल्पना नव्हती. नाही म्हणाले. "बावीस घ्या, असं मीही सुचवलं होतं," म्हणाले, आणि खाली बसले.

दोन दिवसांत अकराही ठिकाणचे तक्ते उतरतील. न रडलेल्या प्रत्येक बाळाची पातळी तपासूनच पुढचा डोस. माझी चौकशी होणार आहे. पुढल्या वर्षी कोर्स असला तरी माझ्याकडे नसेल. सात नंबरच्या मुलीची लघवी सुरळीत झाली आहे. एका कानाची चाचणी नीट आली. दुसऱ्याची तीन महिन्यांनी पुन्हा करायची आहे. त्या तीन महिन्यांबद्दल मला काही लिहिता येत नाही.

समितीपेक्षा वर्ग कठीण गेला. तिसऱ्या तुकडीपुढे मी सगळं सांगितलं. पाहुणाही आला होता. हल्ली रोज येतो. खोडरबर ऐकत होती, वहीवर पेन्सिल आडवी ठेवून.

"आमच्या नावाखाली लिहिलंत," ती म्हणाली.

"हो."

"माझे वडील ते सगळ्यांना वाचून दाखवत होते. तो रिपोर्ट. शेजाऱ्यांना बोलावून." तिचा आवाज फाटला, पण ती रडली नाही. "ती मुलगी दगावली असती तर खाली आमची नावं होती, मॅडम."

मी माफी मागितली. तिनं ती घेतली नाही, आणि घ्यायला हवी होती असं मला वाटत नाही. मग म्हणाली, "उरलेले तीन आठवडे तुम्ही शिकवा. दुसऱ्या कुणाला हे येणार नाही. पण आमचे मार्क तुम्ही द्यायचे नाहीत."

पाहुण्यानं तुकडीचा करार काढून माझ्यापुढे ठेवला. "यावर तुमची सही नव्हती," म्हणाला. विनोद करतोय असं त्याला दाखवायचं होतं, पण चेहरा साथ देत नव्हता. मी तिघांच्या खाली सही केली. करारातलं तिसरं कलम खोडरबरचं आहे: 'न पटलेली गोष्ट त्याच दिवशी, तोंडावर सांगायची.'


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ताई,

बुधवारी शेवटचं सादरीकरण झालं. तिसऱ्या तुकडीनं सदुसष्ट बाळं घेतली, आपली एकेचाळीस आणि त्यांची सव्वीस. एकही गाळलं नाही. दोन वेगळी वळणं निघाली, रडलेल्यांचं आणि न रडलेल्यांचं. प्रोग्रॅम पाहुण्याचा. युनिटचे डॉक्टर तीन प्रश्न विचारायचे म्हणून आले होते, त्यांनी अठरा विचारले. मार्क त्यांनी आणि बाहेरून आलेल्या एका बाईंनी दिले. मी मागच्या रांगेत होते. खोडरबर जाताना थांबली आणि म्हणाली, "ऐकू येत होतं का मागपर्यंत?" मी मान हलवली. एवढंच बोलणं झालं.

पण मी आज बसलेय ते दुसऱ्याच कारणानं.

रुग्णालयानं ठरवलं, तुझ्या फायलींतल्या पाच घरांना कळवायचं. पत्रानं कळवणार होते. मी म्हटलं, मला जाऊ द्या. चौकशी चालू असताना जाऊ नका, असं सगळ्यांनी सांगितलं. शेवटी युनिटचे डॉक्टर म्हणाले, मी बरोबर येतो. काल पहिल्या घरी गेलो.

दुसरा मजला, दारात सायकल, आत शिवणयंत्र आणि त्यावर अर्धवट शिवलेला शाळेचा फ्रॉक. आई एकटीच कमावती. मुलगी बारा वर्षांची, दोन्ही कानांना यंत्रं, तरी ओठ बघूनच समजून घेते. ती जमिनीवर बसून नकाशा रंगवत होती.

मी सांगितलं. पाठ करून गेले होते ते सगळं विसरले, आणि होतं तसं सांगितलं. आई ऐकत राहिली. मग विचारलं, "म्हणजे तुमच्यामुळे?"

"नक्की सांगता येत नाही. जन्मताना श्वास अडला, त्यानंही झालं असेल. पण औषधानंही झालं असेल. आणि हे तुम्हाला इतकी वर्षं कळलं नाही, ते मात्र माझ्यामुळे."

ती उठून आत गेली. नळ सुरू झाला. भांडी घासल्याचा आवाज नव्हता, नुसतंच पाणी. डॉक्टर माझ्याकडे बघेनात. नळ बंद झाला, तेव्हा ती पदरानं तोंड पुसत बाहेर आली आणि उभ्यानंच म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत होते, हिला ऐकू येत नाहीये. सासू म्हणायची उशिरा बोलेल, दवाखान्यात म्हणायचे तुम्ही फार काळजी करता. त्या एकट्या डॉक्टरताईंनी हिच्या पाठीमागे टाळी वाजवून बघितलं. आणि मला जवळ घेतलं. मी वेडी नाही, हे मला त्या दिवशी कळलं."

मला तोंड वर करता येईना.

मुलीनं हे सगळं बघितलं होतं. आईची बाही ओढून तिनं हातांनी काहीतरी विचारलं. आईनं मान हलवली, काही नाही म्हणून. तेव्हा ती उठली, माझ्यासमोर आली, आणि जड, घोगऱ्या, पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "मला सांगा."

मी आईकडे बघितलं. तिनं अडवलं नाही.

मी बोलायला लागले तर मुलीनं हात वर केला. माझी खुर्ची धरून फिरवली, खिडकीकडे, उजेड तोंडावर पडेल अशी. मग समोर मांडी घालून बसली. मी पुन्हा सगळं सांगितलं. हळू, एकेक शब्द सुटा करून. ताई, समितीपुढे मी भराभर बोलले होते. इथे भराभर बोलता येत नव्हतं. 'चूक' म्हणताना ओठ कसे होतात, हे मला पहिल्यांदा कळलं.

मग तिनं विचारलं, "टाळीवाल्या ताई कुठे आहेत?"

"लांब गेली."

"का?"

"ती खरं सांगत होती. मी ऐकलं नाही."

तिनं ते माझ्या ओठांवरून वाचलं. समजलं की नाही म्हणून मी पुन्हा म्हणायला लागले, तर तिनं मान हलवली, समजलं म्हणून. नकाशा पुढे ओढला, रंगाची पेटी उघडली, आणि वर न बघता म्हणाली, "मग त्यांना बोलवा ना."

अजून चार घरं आहेत. पुढच्या मंगळवारी दुसऱ्या घरी जायचंय, सकाळी दहाला. त्या घरांतली माणसं तुला ओळखतात, मला नाही.

ये.

— धाकटी